गेट ते पोर्च: पाणी पिणारी वाट

गेटच्या खालून हा जो लाल लोंढा रस्त्यावर येतोय ना, तो कुठल्या नाल्याचा नाही, एका घराच्या पार्किंगचा आहे. गोव्यातलं माशेल गाव, जुलैची सकाळ. वर गुळगुळीत काँक्रीट, बाजूला परसातली लाल माती, काँक्रीटवरून सुटलेलं पाणी ती माती सोबत घेऊनच खाली येतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. ३ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब अशी वाट धरली तर तिच्या एकटीच्या अंगावर एक लाख लिटरच्या वर पाणी पडतं, म्हणजे १० हजार लिटरचे दहा टँकर. आणि मे महिन्यात याच वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, टँकर येतो, तेव्हाच्या विहिरीचा शॉट पुढे आहे.

आमच्या लहानपणी गेट ते घर अशी वेगळी वाट नव्हती, अंगणच होतं, दिवाळीनंतर शेणाने सारवायचं आणि पावसात पाय रुतू नयेत म्हणून माडाची चुडतां, म्हणजे झावळ्या, टाकायची. मग स्कूटर आली, कार आली, चतुर्थीला मुंबई-पुण्याहून काका-मावशींच्या चार-पाच गाड्या एकदम यायला लागल्या आणि अंगणाचा चिखल झाला. त्यामुळे काँक्रीट ओतणाऱ्यांना मी दोष देत नाही, गरज खरी आहे. पण गाडी उभी राहायला जमीन बंद करावी लागत नाही, एवढंच दाखवायला हा व्हिडिओ केलाय.

चिऱ्याचं, म्हणजे जांभा दगडाचं काय, असं सगळेच विचारतात. हा बघा खाणीतून नुकता आलेला चिरा, कडेला नख मारलं तरी भुगा निघतो, उघड्यावर हवा लागली की कडक होत जातो. भिंतीला, पायवाटेला याच्यासारखं काही नाही. पण टायर जिथे रोज वळतात तिथे तो झिजतो, खड्डे पडतात आणि पावसात शेवाळ धरतो. म्हणून आम्ही चिरा दोन्ही कडांना आणि तुळशीपर्यंतच्या पायवाटेला घेतला, चाकांखाली पेव्हर्स, म्हणजे काँक्रीटचे तयार ब्लॉक. पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात घरच्या वाटेला ५० मिलिमीटर जाडी चालते, कार पार्किंगला ६० मिलिमीटर आणि एम-३५ ग्रेड, म्हणजे काँक्रीटच्या मजबुतीची प्रत. आमच्याकडे गाड्या उभ्या राहतात, म्हणून ६० च घेतला.

आता खरं काम, आणि इथे घाई नको. आमच्याकडे आधी एका कंत्राटदाराने नुसत्या मातीवर क्रशर पावडर, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, पसरून ब्लॉक बसवले होते, पहिल्याच जुलैत चाकांच्या दोन नाळी पडल्या. सगळं उचलावं लागलं. या वेळी मेस्तांनी, म्हणजे गवंड्यांनी, आधी विचारलं, सोकपीट, म्हणजे शोषखड्डा, कुठे आहे? ते टाळून साधारण दहा इंच खोल खणलं. चिकट माती लागली तिथे जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड, त्यावर ४० मिलिमीटरची खडी, मग २० ची, थर टाकायचा, प्लेट मशीनने ठोकायचा, पुन्हा थर. बारीक पावडर मिसळायची नाही, खडीतली पोकळी हीच पाण्याची जागा. काहीजण मजबुतीसाठी खाली पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, ओततात, मग वरच्या फटींचा काय उपयोग, पाणी जाणार कुठे?

हा शॉट मला फार आवडतो. पारदर्शक नळी, आत पाणी, एक टोक मेस्तांच्या हातात आणि दुसरं बारा मीटर लांब पोराच्या हातात, दोघे श्वास रोखून पाणी स्थिर व्हायची वाट बघतायत. मीटरला २ सेंटिमीटर उतार, आणि तो घराकडे नाही, रस्त्याकडेही नाही, बागेकडे. जे मुरणार नाही ते केळींना मिळतं.

खडीवर ६ मिलिमीटरच्या चिप्सचा, म्हणजे बारीक खडीचा थर, फळीने सपाट केलेला, आणि मग ब्लॉक. चटईच्या विणीसारखे आडवे-उभे लावलेत, हेरिंगबोन म्हणतात त्याला, चाक वळताना ब्लॉक एकमेकांना धरून राहतात. रबरी हातोड्याचा आवाज ऐका, ठक्, ठक्, बसला की आवाज बदलतो, मेस्त बघत पण नाहीत, कानानेच पुढचा उचलतात. कडेचे चिरे मात्र काँक्रीटमध्ये पक्के, कड सुटली की पूर्ण वीण सुटते. फटींमध्ये सिमेंट नाही, त्याच चिप्स, झाडूने भरलेल्या.

एवढा खटाटोप कशाला? वरच्या घरांच्या काँक्रीटवरून आलेलं पाणी गेल्या पावसात खालच्या घरातल्या मावशींच्या स्वयंपाकघरात शिरलं, दोन रात्री त्यांनी बादल्यांनी काढलं.

देखभाल आहे, नाही असं नाही. पहिल्या पावसात फटींतल्या चिप्स थोड्या खाली बसतात, ऑक्टोबरात पुन्हा भरायच्या. गवत हाताने उपटायचं, पाऊस गेल्यावर माती ओली असते तेव्हा मुळासकट येतं. मे महिन्यात पानं आणि धूळ झाडून घ्यायची नाहीतर फटी बुजतात. शेवाळाला कडक कुंचा आणि ऊन, अॅसिड ओतू नका, ब्लॉकचं सिमेंट खातं. प्रेशरची नळी फटींवर सरळ धरली तर चिप्स उडतात, तिरकी धरा. आणि पाइप फुटला तर चार ब्लॉक उचला, काम करा, परत बसवा, काँक्रीटसारखं फोडाफोडी नाही. हे आई करतेय बघा, एका पट्टीने ब्लॉक अलगद उचलतेय.

ही विहीर मे महिन्यात, तळाचा दगड दिसतोय, घागर घासत वर येते. एका घराच्या वाटेने ती भरणार नाही हे मलाही माहीत आहे, वाड्यावर अशी सतरा घरं आहेत.

आणि हा शेवटचा शॉट आमच्या गेटचा, जूनचा पहिला मोठा पाऊस, अर्धा तास झालाय. ब्लॉकवर थेंब आपटतायत, फटींत बुडबुडे येतायत. गेटखाली रस्ता ओला आहे, तो वरून पडणाऱ्या पावसाने.