323, 504, 506

पोलीस ठाण्यात शिरलं की पहिलं टेबल ठाणे अंमलदाराचं. बहुतेक वेळा एखादा हवालदार. पण तक्रारीचं पुढं काय होणार, ते पुष्कळदा इथंच ठरतं.

समजा, बांधावरून भावकीत भांडण झालं. एकाच्या कपाळातून रक्त येतंय. अंमलदार विचारतो, "कशानं मारलं?" हातानं मारलं असेल तर साधी दुखापत, म्हणजे अदखलपात्र. विळ्यानं मारलं असेल तर दखलपात्र. गुन्हा दाखल होणार, तपास सुरू होणार. आणि काठीनं मारलं असेल तर? कायदा म्हणतो, वापरल्यास जीव जाऊ शकेल असं हत्यार हवं. ही काठी तशी आहे का, ते हवालदार ठरवणार.

323, 504, 506. जुन्या भारतीय दंड संहितेतली कलमं: मारहाण, शिवीगाळ, धमकी. गावोगावच्या एनसीवर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर, हे त्रिकूट वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, आकडे बदलले. टेबल तेच आहे.

अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. यामागचा विचार चांगला होता: घरादारातल्या किरकोळ कुरबुरीत पोलिसांनी घुसू नये. पण नागरिकाला पोलिसांपासून वाचवणारी हीच तरतूद नागरिकाला ठाण्यातून वाटेला लावायलाही चालते. "एनसी घेतलीय, आता कोर्टात जा." कायद्याच्या अक्षराला धक्का नाही, आणि काम संपलं!

12 नोव्हेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं: माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे. खरं-खोटं नंतर बघा. निकाल योग्यच होता. मात्र गुन्हा दखलपात्र 'दिसतो' की नाही, हे बघणारे डोळे अंमलदाराचेच राहिले.

त्याला खलनायक करणंही सोपं आहे. उद्या पुन्हा एकाच पाणवठ्यावर येणाऱ्या माणसांवर प्रत्येक वेळी गुन्हा नोंदवून काय साधणार? तंटे गावातच मिटावेत म्हणून 15 ऑगस्ट 2007 ला राज्य सरकारनेच तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली होती. समजूतदार हवालदार दोघांना समोर बसवतो, ऐकत नसतील तर चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, करून त्यांच्याकडून शांतता राखण्याचा बाँड घ्यायला लावतो. हाही तारतम्याचाच वापर. फरक एवढाच, की मिटवायचं की नाही हे इथं मार खाल्लेल्याला विचारलेलं असतं. सरपंचाचा फोन आला म्हणून नोंदीत विळ्याचा हात होतो, तेव्हा त्याला कुणी विचारत नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, एक भर आहे. अदखलपात्र नोंदींचा दैनंदिन अहवाल दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा. नोंदीत 'हातानं' लिहिलं असेल, तर मॅजिस्ट्रेटही 'हातानं'च वाचणार.