यंत्राला दिसतं, कानाला कळतं

मंडळी, आधी एक शब्द ऐका. ‘ई, जे, के, बी, एच’. काही लागतंय? हा शब्द आहे ‘मराठी’. कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलं की पडद्यावर स्वच्छ ‘मराठी’ दिसतं, पण फायलीत साठतात ही इंग्रजी अक्षरं.

सातपूरला माझा एक मित्र आहे, जन्मांध. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर त्याचा सगळा कारभार चालतो. मागे एका संस्थेची नोकरभरतीची जाहिरात त्याने उघडली आणि त्याला असलंच काहीतरी ऐकू येऊ लागलं. दोनदा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग मला फोन केला, ‘‘अरे, माझं मशीन बिघडलंय का बघ ना.’’ मला ते फार लागलं. बिघाड जाहिरातीत होता आणि हा बिचारा आपलं मशीन तपासत बसला होता. अर्जाची मुदतही त्याच पानावर लिहिलेली होती.

वेबसाइटवरचे अडथळे शोधणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि ती बनवणं हाच काही कंपन्यांचा धंदा आहे. प्रीती कुमार यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली डीक्यू सिस्टिम्स ही त्यातली नावाजलेली. त्यांनी २०१५ मध्ये ‘अ‍ॅक्स-कोअर’ हे तपासणीचं इंजिन सगळ्यांना फुकट खुलं केलं. क्रोम ब्राउझरमधल्या लाइटहाउस या वेबसाइट तपासणाऱ्या साधनाची सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना पान वापरता येतं का याची, तपासणी त्याच इंजिनावर चालते. म्हणजे कॉलेज रोडवरच्या एखाद्या छोट्या ऑफिसात बसलेल्या मुलालाही ते आज हाताशी आहे. अक्षर आणि मागचा रंग यांच्यात किमान ४.५ ला १ इतका फरक आहे का, बटणाला नाव आहे का, फॉर्मच्या रकान्याला लेबल आहे का, हे ते क्षणात सांगतं. मला त्याची एक गोष्ट फार आवडते. जिथे खात्री नाही तिथे ते चूक ठरवत नाही, ‘माणसाने बघावं’ म्हणून बाजूला काढून ठेवतं.

पण माझ्या मित्राची जाहिरात? ती यंत्रातून पास होऊन बाहेर पडेल. मजकूर आहे, रंग ठीक, मथळे ठीक. ती अक्षरं निरर्थक आहेत हे त्याला कळायला मार्ग नाही. फोटोच्या वर्णनात कोणी नुसतं ‘फोटो’ लिहिलं तरी वर्णन भरलेलं आहे म्हणून ते पुढे जातं. डीक्यूनेच २०२१ मध्ये आपल्या तपासण्यांचा हिशोब मांडला, तेव्हा आपोआप सापडणारे दोष सुमारे ५७ टक्के निघाले. उरलेले माणसालाच शोधावे लागतात. म्हणून या कंपन्या सॉफ्टवेअरच्या जोडीने प्रशिक्षणही देतात, आणि माझ्या मते खरं काम तिथेच होतं.

मी शिकवतो तेव्हा पहिल्या दिवशी माउस काढून घेतो. नुसत्या टॅबच्या बटणावर फॉर्म भरा म्हणतो. दुसऱ्या दिवशी पडदा बंद, फक्त एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, तोही फुकट मिळतो. एक मुलगी स्वतःच बनवलेलं पान ऐकत होती. ‘बटण. बटण. बटण.’ तिसऱ्या ‘बटण’ला तिने हेडफोन काढून ठेवला आणि काही न बोलता कोड उघडला.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे कलम २१ चा भाग मानला. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या बाईने केवायसीसाठी, म्हणजे बँकेत ओळख पटवताना, कॅमेऱ्यासमोर पापण्या कशा मिटायच्या, असा प्रश्न त्या खटल्यात होता.

इथे टेबलावर लॅपटॉप चालू आहे. ज्यांच्या शाळेची, पतसंस्थेची, दुकानाची वेबसाइट असेल त्यांनी पुढे या. पडदा बंद करून आत्ताच ऐकू.