जुना तुकडा आधी वाचा

[दृश्य: गोणपाटाच्या पोत्यातून एकेक वस्तू बाहेर येते. वाकलेला हार्डबोर्ड, फाटलेलं रेक्झीन, गंजलेल्या क्लिपा, काथ्याची गादी.]

निवेदन:

हे पोतं कचऱ्यात जायला निघालं होतं. जुनी गाडी पुन्हा मुळासारखी करायला घेतलेल्या माणसांनी तिचा आतला सगळा साज एका दुपारी उचकटला, पोत्यात कोंबला आणि दाराशी आणून ठेवला. इंजिन उघडताना हीच माणसं प्रत्येक बोल्टला चिठ्ठी बांधतात. पत्र्याचं काम करताना दोन-दोनदा मोजून कापतात. आतल्या सजावटीपाशी आलं की मात्र हात सैल सुटतो, कारण हे सगळं नवं मिळतं अशी खात्री असते. मिळतं, हे खरंच. पण नवं नेमकं कुठलं घ्यायचं, याचं उत्तर या पोत्यात आहे.

म्हणून पोतं परत आत घेऊ.

[दृश्य: दाराचं पॅनल टेबलावर उलटं ठेवलं आहे. कॅमेरा कडेने फिरतो.]

दाराचं हे पॅनल पुढून बघितलं तर भंगार दिसतं. मागून बघा. रेक्झीन किती दुमडून आत घेतलं होतं, ते दिसतं. क्लिपांची भोकं मोजता येतात. बोर्डावर कधी शिक्का असतो, कधी कारखान्यातल्या कुणी खडूने ओढलेली खूण. दुमडलेल्या कडेला पन्नास-साठ वर्षं ऊन लागलेलं नाही, त्यामुळे मूळ रंग तिथे तसाच राहिलेला आहे. पुढच्या बाजूला ज्याला आपण राखाडी म्हणत होतो, तो मुळात हिरव्याकडे झुकणारा होता. आर्मरेस्ट काढली की तिच्याखालीही असाच एक न उडालेला पट्टा सापडतो.

रंग जुळवायचा तो या पट्ट्याशी. आणि जुळवताना नमुना एकाच उजेडात बघून भागत नाही. दोन रंग ट्यूबलाइटखाली अगदी जुळे वाटतात आणि उन्हात नेले की वेगळे पडतात, कारण रंगद्रव्यं वेगळी असली की प्रत्येक उजेडात ती वेगवेगळी उजळतात. खिडकीपाशी बघा, दिव्याखाली बघा, मग मागणी नोंदवा. सीट, दारं आणि मागची बाजू यांचं कापड एकाच वेळी, एकाच लॉटमधलं घ्या. सहा महिन्यांनी मागवलेला तुकडा त्याच नंबरचा असूनही शेजारी लावला की उपरा वाटतो.

[दृश्य: दाराच्या कडेला रिबेट मारलेली छोटी धातूची पाटी.]

कागदोपत्री पुरावाही असतो. फोर्ड मस्टँगच्या चालकाच्या दारावर एक पाटी असते, तिच्यावर आतल्या सजावटीचा कोड छापलेला असतो. रंग कुठला, साहित्य कुठलं, ते त्यावरून कळतं. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून प्रमाणपत्र देतं, त्यातही मूळ रंग आणि सजावट यांची नोंद मिळू शकते. पण मस्टँगची पाटी दारावर असते, हे विसरू नका. अपघातानंतर कुणी दुसऱ्या गाडीचं दार बसवलं असेल, तर ती पाटी त्या दुसऱ्या गाडीबद्दल बोलते आहे. अशा वेळी पाटीपेक्षा गालिच्याखाली सापडलेला कापडाचा धागा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

नुसतं मॉडेलचं नाव सांगून भाग मागवणं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आली. १९६५ च्या साध्या मस्टँगमध्ये स्पीडोमीटर लांब, आडव्या पट्टीसारखा आहे, फोर्डच्याच फाल्कन गाडीच्या वळणाचा. १९६६ मध्ये त्या जागी पाच गोल तबकड्या आल्या. जॅग्वार ई-टाइप १९६१ ची. सुरुवातीच्या गाड्यांत डॅशबोर्डच्या मधल्या भागावर ठिपक्यांची नक्षी उठवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आहे, नंतरच्या गाड्यांत तिथे काळं आवरण आलं. गाडीचं नाव तेच, आकारही बाहेरून तोच. चुकीच्या वर्षाचा भाग कदाचित बसेलही, आणि ओळखणारा माणूस दार उघडल्याबरोबर ते ओळखेल.

[दृश्य: रेक्झीनचे चार तुकडे शेजारी शेजारी. भिंगातून पोत दिसतो.]

आता रेक्झीन. हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरलाय की तो एका मालाचं व्यापारी नाव होतं, हे लक्षातही येत नाही. इंग्लंडमधल्या हाइड गावात बनणारं ते कापड. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप द्यायचा आणि वर कातड्यासारखी नक्षी दाबायची. फार जुन्या गाड्यांत हेच असतं. आपण आज ज्याला रेक्झीन म्हणतो ते बहुतेक वेळा व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसी. मुळात पीव्हीसी कडक आणि ठिसूळ. १९२६ साली वॉल्डो सेमन यांनी बी. एफ. गुडरिच कंपनीत काम करताना ते मऊ करण्याची युक्ती शोधली. त्यात मऊपणा आणणारं द्रव्य मिसळलं जातं, आणि ते द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडत राहतं. जुन्या गाडीच्या काचेवर आतून जो तेलकट पापुद्रा बसतो, त्यात या द्रव्याचा वाटा असतो. डॅशबोर्ड आक्रसतो, तडकतो, त्यामागेही हेच कारण, जोडीला ऊन.

व्हिनाइल निवडताना लोक रंगात अडकतात. मी आधी पोत बघतो. कातड्याची नक्षी अनेक प्रकारची असते. कुठे बारीक दाणा, कुठे मोठा, कुठे सुरकुत्यांसारख्या रेघा. जुना तुकडा आणि नवा नमुना शेजारी ठेवा, दोन्हींवरून बोट फिरवा. मग उभ्या पट्ट्यांकडे या.

[दृश्य: जुन्या सीट कव्हरच्या पट्टीवर बोट. शेजारी नव्या कव्हरवरची शिवण.]

या बोटाखाली टाका नाही. १९५० आणि ६० च्या दशकातल्या कितीतरी गाड्यांत सीटवरच्या आणि दारांवरच्या पट्ट्या शिवलेल्या नव्हत्याच. उच्च वारंवारतेच्या विजेने व्हिनाइल आतल्या थराला वितळवून चिकटवलं होतं. दाबलेली, गुळगुळीत खोबण दिसते ती त्याची खूण. त्यासाठी साचा लागतो, आणि साचा करवून घेणं म्हणजे मोठं काम. म्हणून नव्याने बनणाऱ्या कव्हरांत पुष्कळदा तिथे सरळ शिलाई मारलेली असते. शिलाई वाईट असते असं नाही. पण विकत घेण्याआधी विचारा, फोटो मागवा. फोटो जवळून काढलेला हवा, म्हणजे खोबण की टाका ते कळतं. या एका तपशिलाने गाडीचा चेहरा बदलतो, आणि मूळ साच्यांवर आजही मेहनतीने काम करणारे कारागीर आहेत, त्यांच्या हातचं काम बघून मन भरून येतं.

[दृश्य: जुन्या खोक्यातून न वापरलेला भाग काढला जातो.]

सुटे भाग चार वाटांनी येतात. कारखान्याने त्या काळी बनवलेला पण कधीच न वापरलेला जुना साठा, दुसऱ्या गाडीतून काढलेला भाग, आज नव्याने बनवलेला भाग, आणि हाताने केलेला.

जुना साठा म्हटलं की डोळे चमकतात. माझेही चमकायचे. धातूची पट्टी, काच खाली-वर करायचं हँडल, घड्याळाची तबकडी असेल तर जरूर घ्या. रबर असेल तर थांबा. दाराचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, खोक्यात राहिलं म्हणून तरुण राहत नाही, हवेनेच ते कडक होतं. मी एकदा सीलबंद पाकिटातलं बीडिंग मोठ्या हौसेने आणलं. वळणावर बसवताना ते तीन ठिकाणी तुटलं. तेव्हापासून रबर मी नव्या उत्पादनाचंच घेतो.

दुसऱ्या गाडीतून भाग काढायचा असेल, तर ती गाडी कुठल्या हवेत आयुष्य काढून आली ते विचारा. कोरड्या, कडक उन्हाच्या प्रदेशातल्या गाडीचा पत्रा छान असतो, पण डॅशबोर्ड आणि सीटची वरची कड भाजून निघालेली असते. ढगाळ, पावसाळी प्रदेशात उलट, तळ गंजून गेलेला असतो आणि आतला साज मात्र बरा सापडतो. पत्र्यासाठी एक गाडी शोधावी आणि साजासाठी दुसरी.

हाताने केलेल्या भागांत आता थ्रीडी प्रिंटिंग आलं आहे. तुटलेला नॉब, हरवलेली टोपी यांसाठी ते वरदान आहे. फक्त कुठलं प्लास्टिक वापरलंय ते विचारा. छपाईत सर्रास वापरलं जाणारं पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून जास्त तापू शकतो. नॉब सकाळी गोल आणि संध्याकाळी लंबगोल. एबीएस किंवा ऊन सोसणारं एएसए मागा.

[दृश्य: सीटचा सांगाडा. स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्याची गादी.]

सीटचं नवं कव्हर सैल पडलं किंवा बसतच नाही, अशी तक्रार आली की आधी आतली गादी बघावी. या सीटमध्ये रबर फवारलेल्या काथ्याची गादी होती. फोक्सवॅगन बीटलमध्येही हाच प्रकार आढळतो. त्या जागी जाड, टणक फोम भरला की माणूस दोन बोटं उंच बसतो, स्टिअरिंग मांडीला लागतं आणि कव्हरची शिवण ताणून उसवते. जुनी गादी दबलेली असली तरी तिच्या कडेची उंची शाबूत असते. ती मोजा, मगच फोम कापा. कव्हर चढवण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवा, ते नरम पडतं.

दाराचा हार्डबोर्ड का वाकला, हेही नवा घेण्याआधी शोधायला हवं. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जाण्यासाठी असतं. पॅनलच्या मागे एक प्लास्टिकचा किंवा डांबरी कागदाचा पडदा असतो. दुरुस्तीच्या नादात कुणीतरी तो फाडून टाकलेला असतो आणि मग बोर्ड ओल पितो. पडदा परत लावला नाही, तर नवं पॅनलही काही पावसाळ्यांत याच पोत्यात येईल.

छताच्या कापडाबद्दल एकच सांगतो. आतल्या तारांच्या कमानी दिसायला सारख्या असतात, पण प्रत्येकीचा बाक वेगळा. काढतानाच त्यांना क्रमांक द्या. आणि हे काम पुढची काच बसवण्याआधी उरका.

कापड निवडताना आगीचा विचार हवाच. अमेरिकेत सप्टेंबर १९७२ पासून नव्या गाड्यांच्या आतल्या साहित्याला ३०२ क्रमांकाचं सुरक्षा मानक लागू झालं. साहित्य मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये, असं ते सांगतं. आपली गाडी त्याआधीची असली तरी हे मानक पार केलेलंच कापड मागा. घरातल्या सोफ्याचं कापड कितीही सुंदर दिसलं, तरी ते या परीक्षेला बसलेलं असेलच असं नाही. आणि जुनं, उष्णता अडवणारं अस्तर काढताना ते ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, हे ध्यानात धरा. कोरडं खरवडू नका, आधी तपासून घ्या.

[दृश्य: फिकट, भेगाळलेली पण शाबूत कातड्याची सीट. शेजारी चकचकीत नवं कव्हर.]

बदलावं की राहू द्यावं, हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायचा. ही सीट बघा. भेगा आहेत, एक शिवण सुटली आहे. ती शिवण परत घालता येते, कातड्याला रंग देता येतो, आतून कापड लावून फाटका भाग धरून ठेवता येतो. माझं मत विचाराल तर ही सीट बदलू नये. नवी सीट पुन्हा कधीही करता येईल. ही एकदा टाकली की संपली.

जुन्या वाहनांची जागतिक संघटना, फिवा, हिने स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेतही मूळ साहित्य जपण्यावर भर आहे. जिथे बदलावंच लागतं, तिथे नवा भाग ओळखता यावा अशी साधी, टिकाऊ खूण त्यावर करावी, असं ती सुचवते.

[दृश्य: नवं पॅनल पालथं. पेन्सिल धरलेला हात.]

नवं पॅनल तयार आहे. भोकं जुन्यावरून आखली, पोत जुळला, पडदा चिकटवून झाला. बसवण्याआधी त्याच्या पाठीवर आजची तारीख लिहायची, कापड कुठल्या लॉटचं ते लिहायचं आणि त्याखाली 'नवीन'. जुनं पॅनल पुसून, कागदात गुंडाळून, त्याच गाडीचा नंबर लिहिलेल्या खोक्यात जाईल.

[दृश्य: क्लिपा एकेक करून आत बसतात. बसल्याचा आवाज. मग दार बंद होतं.]