ओढली तरी न निसटणारी नळी

मंडळी, मागच्या पावसाळ्यात अंजनेरीवरून उतरताना माझ्या हातातली घडीची काठी सुटली. मोडली नाही, खालची नळी वरच्या नळीतून सरळ बाहेर आली. गुडघा आठवडाभर सुजला होता. घरी आल्यावर काठी खोलली. आत पिळलं की फुगून नळीला धरणारा प्लास्टिकचा बुश, म्हणजे नळ्यांच्या मधलं कडं, आणि बाहेर ‘याच्यापुढे ओढू नका’ अशी रेघ. नळी निघू नये म्हणून धातूत काहीच केलेलं नव्हतं. सातपूरला 25 वर्षं लेथवर उभं राहिलेल्या माणसाला हे बघवत नाही.

नळी हव्या त्या लांबीवर थांबवणं हे घर्षणाचं काम. निसटू न देणं हे काम मात्र घर्षणावर सोपवायचं नाही. तिथं धातूला धातूच आडवा आला पाहिजे.

जुन्या ट्रान्झिस्टरचा हा एरियल बघा. प्रत्येक पितळी नळीचं तोंड किंचित आत वळवलंय आणि आतल्या नळीचं शेपूट फुगवलंय. आतली नळी पुढून घालतच नाहीत, मागून घालतात. पूर्ण ओढली की शेपूट तोंडाला अडतं. शेपटाजवळची पातळ स्प्रिंगची पट्टी नळीला जागेवर धरते. दोन कामं, दोन वेगळ्या जागा.

घरी करायला बसलात की पहिली चूक नळ्या निवडतानाच होते. आपण चपखल बसणाऱ्या नळ्या आणतो. बाहेरची 10 मिमीची, पत्रा 0.5 चा, म्हणजे आत 9 मिमी मोकळे. आतली 8.9 ची घेतली तर एका बाजूला उरले 0.05 मिमी. एवढ्याशा जागेत तोंडही वळवायचं आणि शेपूटही फुगवायचं? जरा जोर लावला की नळी हातात. त्यापेक्षा आतली 8 मिमीची घ्या. तिच्या शेपटावर कॉलर, म्हणजे बाहेरून 8.9 मिमीचं कडं, सोल्डरनं बसवा, तोंड 8.1 पर्यंत आत घ्या. आता प्रत्येक बाजूला 0.4 मिमीचा खांदा मिळाला.

कॉलर आखूड करू नका. नळी पूर्ण ओढली की कॉलर तोंडाला टेकते, म्हणजे नळीला आधार कॉलरच्या लांबीएवढाच. ती 3 मिमीची केली तर काठी डुगडुगणारच. मी 12 ते 15 मिमी ठेवतो. सोल्डरला जागाही भरपूर मिळते: 12 मिमीच्या कॉलरला सुमारे 300 चौरस मिमी.

तोंड वळवताना पितळ तडकतं, कारण ओढून काढलेली नळी मुळातच कडक असते. जुन्या नाशकातल्या तांबटांना हे सांगावं लागत नाही. ठोकून ठोकून भांडं कडक झालं की ते पुन्हा भट्टीत घालून मऊ करून घेतात. आपणही तोंडाचा शेवटचा सेंटिमीटरभर भाग अंधारात जेमतेम लाल दिसेल इतकाच तापवायचा. सगळी नळी तापवली तर ती हातानं वाकेल.

आणि क्रम चुकवू नका. कॉलरला सोल्डर आधी. तोंड तापवायचं तेही नळ्या वेगळ्या असतानाच, नाहीतर 200 अंशांच्या आतच वितळणारं सोल्डर सुटेल. मग मागून नळी घालायची आणि शेवटी तोंडाजवळ गोल खोबण दाबून पाडायची, म्हणजे तोंड आत येतं. लेथ नसेल तर फ्रिज मेकॅनिककडचं पाइप कटर चालतं, फक्त चाकाची धार घासून बोथट करा. फेऱ्यागणिक अगदी थोडं आवळा, घाईनं आवळलंत तर नळी कापली जाईल. तीन नळ्या असतील तर सर्वांत बारीक जोडीपासून सुरुवात करा. बूड बंद करणार असाल तर हवेला एक भोक ठेवा, नाहीतर नळी पंपासारखी उलटी ढकलते.

काठीला पितळ जड जातं, ॲल्युमिनियमच हवं. पण ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासलं की जाम होतं, म्हणून मध्ये नायलॉनचा बुश. सोल्डर ॲल्युमिनियमला नीट धरत नाही, तिथं कॉलर रिव्हेटनं बसवा.

ही मी केलेली पितळी जोडी पुढच्या रांगेपासून मागं द्या. दोघांनी दोन टोकं धरून ओढा, संकोच नको. तोंडाजवळ बोट फिरवलंत तर खोबण लागेल.