नफा करारात असतो

मंडळी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका शाळेपासून सुरुवात करू या. या शाळेला वर्ग नव्हते, मैदान नव्हतं, घंटाही नव्हती. नाव होतं ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’, पण तिकडे सगळे तिला ईकॉट म्हणत. विल्यम लेगर नावाच्या गृहस्थांनी ती २००० साली काढली. मुलांनी घरी संगणकापुढे बसून शिकायचं आणि दर मुलामागे ठरलेली रक्कम राज्य सरकारनं शाळेला द्यायची. जवळपास अठरा वर्षांत शंभर कोटी डॉलरच्या आसपास सरकारी पैसा या शाळेकडे गेला. २०११ च्या पदवीदानाला खुद्द गव्हर्नर जॉन केसिक पाहुणे होते.

पुढे राज्याच्या शिक्षण खात्यानं एक अगदी साधी गोष्ट मागितली. मुलं प्रत्यक्षात किती वेळ शिकली, त्याच्या नोंदी दाखवा. २०१५-१६ या वर्षासाठी शाळेनं सुमारे १५,३०० मुलांचे पैसे घेतले होते. नोंदींवरून हिशेब लागला तो सुमारे ६,३०० मुलांचा. खात्यानं सहा कोटी डॉलर परत मागितले, पुढच्या वर्षीची वसुली धरून हा आकडा आठ कोटींवर गेला. शाळा कोर्टात गेली, आणि तिचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. कायद्यानं आम्हाला शिकण्याची संधी द्यायला सांगितली आहे, मुलानं ती घेतली की नाही हे मोजायला सांगितलेलं नाही. म्हणजे आम्ही ताट वाढलं होतं, पाहुणा जेवला नाही तर बिल का कापता? ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये चार विरुद्ध दोन अशा मतांनी हे म्हणणं फेटाळलं. पण शाळा तोवर बंद झाली होती. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यावर, सुमारे बारा हजार मुलं एकदम दुसरी शाळा शोधू लागली.

आता गंमत बघा. ईकॉट ही कागदोपत्री ना-नफा संस्था होती. मग पैसा गेला कुठे? शाळेचं व्यवस्थापन अल्टेअर लर्निंग मॅनेजमेंट या कंपनीकडे होतं आणि सॉफ्टवेअर येत होतं आयक्यू इनोव्हेशन्सकडून. दोन्ही कंपन्या लेगर यांच्याच. शाळेनं नफा कमावला नाही, शाळेनं फक्त बिलं चुकती केली.

आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. ईकॉटसारख्या चार्टर शाळांवर, म्हणजे सरकारी पैशावर स्वतंत्र मंडळं चालवतात त्या शाळांवर, वाद झाला की लोक पहिल्यांदा विचारतात, ही नफ्यासाठी आहे की नाही? हा प्रश्न चुकीच्या दारावर टकटक करतो. शाळेच्या नोंदणीपत्रात काही सापडत नाही. तिनं कोणाशी कोणते करार केलेत, ते उघडून पाहावे लागतात.

थोडं मागे जाऊन पद्धत समजून घेऊ. चार्टर शाळेचा खर्च सरकार उचलतं, फी नसते, पण ती चालवतं स्वतंत्र संचालक मंडळ. शाळा आणि परवानगी देणारी यंत्रणा यांच्यात ठरावीक मुदतीचा करार होतो. तुम्हाला नेहमीच्या नियमांतून मोकळीक, बदल्यात निकाल दाखवा, नाही दाखवला तर करार संपला. १९८८ मध्ये शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी ही कल्पना उचलून धरली होती, हे अनेकांना खरं वाटत नाही. शिक्षकांनी प्रयोग करावेत म्हणून ती होती. पहिला कायदा १९९१ चा, मिनेसोटाचा. पहिली शाळा पुढच्याच वर्षी सेंट पॉलमध्ये सुरू झाली. पुढे हीच कल्पना खासगी कंपन्यांच्या हाती जाताना पाहून शँकर स्वतः तिचे टीकाकार झाले. २०२१-२२ मध्ये अमेरिकेत अशा साधारण ७,८०० शाळा होत्या आणि त्यांत सुमारे ३७ लाख मुलं शिकत होती.

आता करारांकडे. व्हाइट हॅट मॅनेजमेंट नावाच्या कंपनीचं ओहायोतलं प्रकरण माझ्या मते सगळ्यात बोलकं आहे. क्लीव्हलंड आणि अॅक्रन भागातल्या शाळांनी या कंपनीशी करार केला होता. राज्याकडून येणाऱ्या रकमेतले सुमारे ९५ टक्के थेट कंपनीला जात. त्यातून कंपनी पगार देई, बाकं घेई, संगणक घेई. निकाल समाधानकारक नाहीत म्हणून शाळांनी कंपनीला निरोप द्यायचं ठरवलं, तेव्हा कंपनी म्हणाली, खुशाल द्या, पण सामान आमचं आहे. हवं तर विकत घ्या. जनतेच्या पैशातून आलेली बाकं जनतेनं पुन्हा विकत घ्यायची! २०१५ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं, कंपनीवर विश्वस्ताची जबाबदारी आहे हे मान्य करूनही, कराराप्रमाणे सामान कंपनीचंच ठरवलं. कोर्टाला तरी दोष काय द्यावा? संचालक मंडळानं सही केलेली होती.

ते सही का करतात, हा खरा प्रश्न. बऱ्याचदा मंडळातली माणसं कंपनीनंच सुचवलेली असतात, वकील कंपनीच्या ओळखीचा असतो, आणि करार मोडला तर मुलं उद्या बसवायची कुठे याचं उत्तर मंडळाकडे नसतं, कारण इमारतही बहुधा कंपनीच्याच दुसऱ्या कंपनीची असते. मिशिगनमध्ये, जिथे बहुसंख्य चार्टर शाळा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या चालवतात, तिथे हे भाड्याचं गणित नीट पाहायला मिळतं. कंपनी इमारत घेते, शाळेला भाड्यानं देते, भाडं सरकारी अनुदानातून येतं. कर्ज फिटलं की इमारत कंपनीची. शाळेच्या हाती भाड्याच्या पावत्या.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी सहा राज्यांतल्या ३३ चार्टर शाळा तपासल्या. त्यांतल्या २२ शाळांमध्ये व्यवस्थापन संस्थेशी असलेल्या व्यवहारांवर पुरेसं नियंत्रण नव्हतं. यांत ना-नफा व्यवस्थापन संस्थाही आल्या. टेक्सासमधली आयडिया ही मोठी ना-नफा शाळासाखळी घ्या. २०१९ च्या अखेरीस तिनं वर्षाला सुमारे वीस लाख डॉलर मोजून खासगी जेट विमान भाड्यानं घ्यायचं ठरवलं होतं. बोंब झाली म्हणून ते रद्द झालं. ना-नफा शाळेला विमान लागतं तरी कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

लक्ष कोण ठेवतं? कॅलिफोर्नियात परवानगी देणारा स्थानिक शाळा-जिल्हा देखरेखही करतो आणि त्याबद्दल शाळेच्या निधीतला ठरावीक टक्का शुल्क म्हणून घेतो. सॅन दिएगो परगण्यातल्या एका चिमुकल्या जिल्ह्याची स्वतःची मुलं जेमतेम दीडेकशे, आणि त्यानं परवानगी दिलेल्या शाळांमध्ये हजारोंनी मुलं. शुल्क चांगलं मिळत असताना कोण खोलात शिरेल? ए-थ्री नावाच्या कंपनीनं हीच फट हेरली. १९ ऑनलाइन शाळांच्या जाळ्यानं सुमारे चाळीस कोटी डॉलर सरकारी निधी घेतला. उन्हाळ्यात खेळाच्या क्लबांना पैसे देऊन मुलांच्या याद्या मिळवल्या आणि ती मुलं पटावर दाखवली. २०१९ मध्ये खटला उभा राहिला, २०२१ मध्ये दोन्ही प्रमुखांनी गुन्हा कबूल केला.

पटाचा विषय निघाला की आपल्या लोकांच्या चेहऱ्यावर हसू येतं. येणारच. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रात राज्यभर पटपडताळणी झाली होती. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली होती. आपल्याकडे तर शाळा ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन आठची, म्हणजे ना-नफा, कंपनी चालवते. नफ्याची शाळा कागदावर नाहीच. तरी बोगस पट निघाला. तुकडी, शिक्षकांची पदं, अनुदान सगळं पटावर अवलंबून, आणि पट लिहिणार ती संस्थाच. ओहायो आणि महाराष्ट्र यांचा रोग या बाबतीत एकच आहे.

चार्टर म्हटलं की सगळं सडलेलंच, असं मात्र मी म्हणणार नाही. बॉस्टनमध्ये प्रवेश सोडतीनं होतात, त्यामुळे नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करता येते. त्या अभ्यासांत नंबर लागलेली, बहुतांशी गरीब घरातली मुलं स्पष्टपणे पुढे गेलेली दिसतात. तिथे परवाना फक्त राज्याचं शिक्षण मंडळ देतं, दर पाच वर्षांनी फेरतपासणी होते, शाळांच्या संख्येवर मर्यादा आहे. २०१६ मध्ये ही मर्यादा सैल करावी का, असा प्रश्न मतदारांपुढे आला, तेव्हा सुमारे ६२ टक्क्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या टोकाला, २०१५ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात ऑनलाइन चार्टरमधली मुलं गणितात सरासरी १८० दिवसांच्या शिक्षणाएवढी मागे पडलेली दिसली. तिकडे शाळेचं वर्षच १८० दिवसांचं असतं.

शाळा वाईट असेल तर पालक मूल काढून घेतील, बाजारच शिस्त लावेल, असं समर्थक सांगतात. पण मूल पटावर आहे हेच ज्या घराला ठाऊक नाही, ते घर त्याला काढणार कुठून?

कॅलिफोर्नियानं जुलै २०१९ पासून नफ्याच्या कंपन्यांना चार्टर शाळा चालवायला बंदी घातली. चांगलं झालं. पण ईकॉट आठवा. या बंदीनं लेगर यांचा व्यवस्थापनाचा करार अडला असता, पण सॉफ्टवेअरचं बिल बहुधा चालूच राहिलं असतं. संबंधितांशी केलेला प्रत्येक करार, भाडं आणि बाजारभाव यांसह जाहीर करा, आणि पट मोजायचं काम ज्याला त्या पटावर एक पैसाही मिळत नाही अशा माणसाकडे द्या. मी असेन तर कायद्यात आधी या दोन गोष्टी घालेन.

शेवटचा मुद्दा कोर्टातला आहे आणि तो अजून मिटलेला नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका चार्टर शाळेनं मुलींना स्कर्टची सक्ती केली. पालक कोर्टात गेले तेव्हा शाळेचं म्हणणं पडलं की आम्ही सरकारी नाही, खासगी आहोत, संविधानातला समानतेचा नियम आम्हाला लागू नाही. अनुदान घेताना मात्र हीच शाळा सार्वजनिक होती. २०२२ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानं शाळेचं म्हणणं नाकारलं आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. मग ओक्लाहोमात सेंट इसिडोर या कॅथलिक ऑनलाइन चार्टर शाळेचा प्रश्न आला. राज्याच्या न्यायालयानं चार्टर शाळा सार्वजनिकच, म्हणून ती धार्मिक असू शकत नाही, असा निकाल दिला होता. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मतं चार-चार अशी पडली. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट त्या खटल्यातून बाजूला राहिल्या होत्या. बरोबरीमुळे राज्याचा निकाल टिकला, पण सगळ्या देशाला बांधील असा निर्णय झालाच नाही. पुढचा खटला येईल तेव्हा कदाचित नऊही न्यायमूर्ती बसतील, आणि शाळा खासगी ठरली तर सरकारी संस्थांसाठी असलेले माहितीचे आणि उघड बैठकांचे कायदे तिला लागू राहतील की नाही, हा वाद त्याच दिवशी सुरू होईल.