चार्ज संपला? मग गाडीला दोर लावू नका!

नमस्कार मंडळी! सोलापूरच्या उन्हातनं तुमचं स्वागत.

मी इलेक्ट्रिक गाडीची डिकी किती मोठी आहे ते दाखवते, खाली कमेंट येते, "ताई, रस्त्यात चार्ज संपला तर?" मी टायरबद्दल बोलते, खाली तेच, "चार्ज संपला तर?" परवा तर एका काकांनी दिवाळीच्या शुभेच्छा देताना हेच विचारलं. बरं, आज तेवढंच बोलू.

सोपं आधी उरकून टाकते. गाडी एकदम फट्‌दिशी बंद पडत नाही. आधी इशारा येतो, मग एसी मवाळ होतो, मग बऱ्याच गाड्यांत स्क्रीनवर कासव उगवतं आणि पिकअप जातो. कासव दिसलं की ओव्हरटेक वगैरे विसरायचं आणि डावी लेन धरायची. शून्य टक्क्यानंतरही थोडी चालते म्हणतात. त्या "थोडी"वर बायकापोरांना घेऊन निघू नका.

दुसरं, स्क्रीनवर दिसणारे किलोमीटर हा गाडीचा अंदाज असतो, आणि तोही तुम्ही आत्तापर्यंत कशी चालवली त्यावर. सात रस्त्यावरून जुळे सोलापूरला डुगडुगत जाता तेव्हा आकडा छान दिसतो. तीच गाडी बाळे सोडून पुणे रस्त्याला लागली आणि पाय दाबला की आकडा भराभर उतरतो. जाहिरातीतली रेंज ज्या चाचणीतून येते, तिच्यात वेग ९० च्या वर जातच नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० ला गेलात की हवा कापायला प्रत्येक किलोमीटरला दीडपटीहून जास्त वीज लागते. त्यात पावसाळ्यात टेंभुर्णी सोडून भीमानगरकडे निघालात की उजनीवरचा वारा समोरून थोबाडीत मारतो, तो वेगळाच. म्हणून चार्ज कमी पडतोय वाटलं की आधी वेग उतरवा. आपल्याकडे लोक करतात काय? एसी बंद करतात! ४२ डिग्रीत घामाघूम होऊन बसतात आणि काटा १०५ वर. अहो, एसी खातो एक-दोन किलोवॉट, आणि गाडी त्या वेगाला पंधरा-सोळा खाते. एसी चालू ठेवा, ७०-८० वर या, आजीला त्रास देऊ नका.

तुळजापूरला घाटात टक्के जातात, येताना उतारावर थोडे परत मिळतात. पंचेचाळीस किलोमीटरचा तर रस्ता. त्यावर वेगळा व्हिडिओ मागू नका.

आता थांबलीच गाडी. डावीकडे घ्या, पार्किंग लाइट लावा, मागे लांब त्रिकोण ठेवा आणि माणसं गाडीत न बसवता रेलिंगच्या पलीकडे उभी करा. कंपनीच्या रोडसाइड मदतीला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ आहेच. झालं.

आणि इथनं खरी गंमत सुरू होते. आपल्या जिल्ह्यात ऊसाच्या सीझनला गाडी बंद पडली की दहा मिनिटांत ट्रॅक्टरवाला थांबतो. माणूस सोन्यासारखा असतो. "ताई, दोर लावू, मोहोळला नेऊन सोडतो." त्याला चहा पाजा, आभार माना आणि दोर लावू देऊ नका.

का, ते सांगते. पेट्रोल गाडी न्यूट्रलला टाकली की इंजिन आणि चाकं सुटी होतात. आपल्या गाडीत क्लच नाही, चाक फिरलं की मोटर फिरते. N दाबलं तरी फिरते! बहुतेक गाड्यांच्या मोटरमध्ये कायमचे चुंबक असतात, आणि चुंबक फिरले की वीज तयार होते. बंद गाडीत बॅटरीकडे जाणारा रस्ता तोडलेला असतो. मग ती वीज जाते इन्व्हर्टरच्या, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या डब्याच्या डोक्यावर, आणि त्याला गार ठेवणारा पंप तर बंद. ढकलून चार पावलं बाजूला घेणं वेगळं. ट्रॅक्टरमागे पंधरा किलोमीटर वेगळं.

आता ती कमेंट. दर वेळी येते, आणि लिहिणारा हुशार असतो. "ताई, ओढली की रीजनने चार्ज होईल ना?" हे बघा, रीजन म्हणजे वेग कमी करताना किंवा उतारावर मोटरने वीज बनवून बॅटरीत परत भरणं. ते गाडी चालू असेल तर होतं, तिचा कॉम्प्युटर जागा असतो, किती वीज कुठे पाठवायची ते तोच ठरवतो. शून्यावर थांबलेल्या गाडीत ठरवणारंच कुणी नाही. शिवाय चालवायला ट्रॅक्टरचं डिझेल जाळणार, तर मग इलेक्ट्रिक घेतली कशाला ओ?

तिसरी कमेंट, "मग डिकीत हुक दिलाय कशाला?" छान प्रश्न. स्टेपनीच्या किटमध्ये जाड लोखंडी कडी असते, तिला आटे असतात. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचं, कडी आत फिरवून घट्ट करायची. ती सपाट ट्रकवर गाडी चढवताना विंचचा, म्हणजे ट्रकवरच्या ओढयंत्राचा दोर अडकवायला आहे. दहा-बारा फुटांच्या कामाची. मोहोळ गाठायला नाही.

माझ्या मामेभावाची गाडी पुण्याहून येताना सावळेश्वर टोलच्या अलीकडे थांबली. क्रेन मागवली, तर आली दोन चाकं उचलणारी, आणि गड्याने मागची चाकं उचलायला घेतली. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह! म्हणजे मोटरची चाकं रस्त्यावर घासत जाणार. भाऊ नको म्हणतोय, क्रेनवाला म्हणतो, "न्यूट्रल टाका की, काय होत नाय." अर्धा तास हाच संवाद. शेवटी भावाने सपाट ट्रकच येऊ दे म्हणून हट्ट धरला. तो आला, चारही चाकं वर, विषय संपला. म्हणून फोनवरच सांगा, "इलेक्ट्रिक आहे, फ्लॅटबेड पाठवा." दोनदा सांगा. पलीकडचा हो म्हणाला तरी तिसऱ्यांदा सांगा.

आणि तोवर गाणी लावून बसू नका. मोठी बॅटरी संपली की छोटी १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होणं थांबतं. पार्किंग लाइट, दरवाजे, स्क्रीन, सगळं तिच्यावर. तीही बसली तर कित्येक गाड्यांना N मध्ये टाकता येत नाही, चाकं जाम, आणि ट्रकवाला तुम्हालाच शिव्या घालणार. दुसऱ्या गाडीवरून जंप दिला तर फक्त ही छोटी जागी होते. किलोमीटर एकही वाढत नाही.

कासव दिसायच्या आधी ढाबा दिसला तर? थांबा की! १५ अँपियरच्या प्लगवर तासाला साधारण तीन युनिट भरतात, म्हणजे अठरा-वीस किलोमीटर. शेंगाचटणी-भाकरी सावकाश खा, पुढचा चार्जर येतो. मात्र अर्थिंग हवं. नसेल तर चार्जरवर लाल दिवा लागतो आणि तो वीज घेतच नाही. मग कुणीतरी जाणकार उठतो, "अर्थ आणि न्यूट्रल जोडून देऊ का?" नाही! न्यूट्रलची वायर कुठे तुटली तर गाडीच्या पत्र्याला करंट येईल, आणि तुमचं पोरगं दाराला हात लावून उभं असेल. दुसरा प्लग शोधा, स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या प्लगला बऱ्याचदा अर्थ असतं. युनिटचे पैसे देऊन या, फुकट नको.

जाता जाता टोलवाली कमेंट, "ताई, इलेक्ट्रिकला टोल माफ आहे ना?" ऑगस्ट २०२५ पासून राज्याने इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला तो मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर. सोलापूर-पुणे त्यात नाही. तेव्हा सावळेश्वरला फास्टॅगमधून पैसे गेले म्हणून नाक्यावरच्या पोराशी भांडू नका, तो तुम्हाला परत देऊ शकत नाही.