काट्यावर न दिसणारं

(पहाट. जिल्हा परिषद शाळेचं मैदान.)

सव्वासहा वाजलेत. कबड्डीची पोरं अजून यायची आहेत. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी लावून चालणाऱ्या या काकांचा हात सारखा ओटीपोटाच्या उजव्या कडेला जातो. नवी किडनी तिथं बसवली आहे. जुन्या दोन्ही पाठीमागं आपापल्या जागी असतात, त्या सहसा काढत नाहीत. पण त्यांच्यावर बरगड्यांची ओसरी असते, नवीवर नाही. म्हणून चालणं हवं, सायकल चालेल. कबड्डी आणि कुस्ती मात्र आता फक्त बघायची.

(पार. चहाचे कप.)

'अंगानं भरलात की वो!' प्रत्यारोपणानंतर गावाची पहिली दाद गालांना मिळते. डायलिसिसवर खंगलेला माणूस चार महिन्यांत टवटवीत दिसतो. पथ्य सैल झालेलं असतं, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीनं भूक खवळलेली असते. पहिल्या वर्षात पाच ते दहा किलो वाढणं सर्रास घडतं. ही वाढ बसते मुख्यतः पोटावर. आणि तीच गोळी मांडीचे, दंडाचे स्नायू झिजवते. काटा दोन्हींची बेरीज दाखवतो. आठ किलो वाढले, त्यात सहा चरबीचे, एक पाण्याचा, स्नायूंचा जेमतेम एक, असंही असू शकतं. फाइलमध्ये क्रिएटिनिनला, म्हणजे किडनीचं काम सांगणाऱ्या रक्तातल्या आकड्याला, रकाना आहे. टॅक लेव्हलला, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसच्या रक्तातल्या प्रमाणाला, आहे. मांडीला नाही.

(तपासणी खोली. मशीन. हात, पाय जवळून.)

हे बीआयए मशीन, अंगात चरबी, स्नायू, पाणी किती याचा अंदाज देणारं. हाताच्या आणि पायाच्या पट्ट्यांमधून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतात, तो जाणवतही नाही. पाणी आणि स्नायू त्याला वाट देतात, चरबी अडवते. मशीन चरबी मोजत नाही, अडथळा मोजतं. उंची, वय, लिंग घालून बाकीचं सूत्रानं काढतं. त्यामुळं पायावर सूज असेल तर ते पाणी 'स्नायू' म्हणून कागदावर उतरतं. आकडा सुंदर, माणूस सुजलेला.

म्हणून तयारी काटेकोर लागते. उपाशीपोटी यायचं, लघवी करून. आदल्या बारा तासांत व्यायाम नाही. अंगठी, जोडवी, बांगड्या, चांदीचा करदोडा काढून ठेवायचा. पाच-दहा मिनिटं पाठीवर स्वस्थ पडायचं. चालून आलेल्याचं पाणी पायात उतरलेलं असतं. हात अंगापासून सुटे, मांड्या एकमेकींना न लागलेल्या. टाचेच्या भेगांत माती असेल तर पट्टी नीट धरत नाही, आधी पाय पुसून घ्यायचे. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडलेल्या, हाताला पट्टी नाही, दुसऱ्या बाजूनं मोजायचं. पेसमेकर असेल तर ही तपासणीच नाही.

टॅक लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधीच द्यायचं असतं. गोळी पिशवीत, पोट रिकामं, अशी पहिली एसटी धरून माणूस आलेलाच असतो. त्याच फेरीत हे उरकतं. दर तीन महिन्यांनी, त्याच मशीनवर, त्याच वेळेला. मशीन बदललं की आधीच्या आकड्याशी तुलना संपली.

(घराची ओसरी. खुर्ची, शिंप्याचा टेप.)

मशीन नाही? खुर्ची आहे ना. हात छातीवर बांधून पाच वेळा उठायचं, बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी. पोटरीचा घेर पुरुषात ३४ सेंटिमीटरच्या, बाईत ३३ च्या खाली गेला तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. कंबर मात्र उलटी: पुरुषाची ९०, बाईची ८० यांच्या आत हवी.

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. स्नायू झिजलेल्या माणसाचा आकडा म्हणूनच खोटा चांगला दिसू शकतो. आणि आदल्या दिवशी जोरदार व्यायाम केला तर रक्तात क्रिएटिनिन, लघवीत प्रथिनं तात्पुरती चढू शकतात. रक्त द्यायच्या आदल्या दिवशी मैदानाला सुट्टी.

(पुन्हा मैदान. मग ओसरी.)

पहिले सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोवर काही उचलायचं नाही. भरलेली घागर त्याच्या दुपटीहून जड असते. चालणं वॉर्डातच सुरू होतं, दहा दहा मिनिटांनी वाढवत आठवड्याला दीडशे मिनिटांवर न्यायचं. रक्तदाबाची काही औषधं नाडी दाबून ठेवतात, त्यामुळं ठोके मोजून उपयोग नाही. सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे. अभंग म्हणता येत असेल तर चाल ढिली आहे.

जखम भरल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीनं, आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम. खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या. उठताना श्वास सोडायचा. कोंडला की रक्तदाब उसळतो.

घोळ होतो दुसऱ्या दिवशी. मांड्या दुखतात, मेडिकलमधून डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन येतं. या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आवळतात. टॅक्रोलिमस आधीच तेच करत असतं. शेक घ्या, गोळी विचारून. जिमवाल्याची पावडर आणि क्रिएटिनही नको. जांघेत खोल दुखत राहिलं तर ते व्यायामाचं दुखणं समजू नये. स्टेरॉइडमुळं खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

(मे महिना. तापलेली काळी जमीन.)

पारा बेचाळिसावर गेला की चालणं सात-साडेसातला संपलेलं बरं. पाणी कमी पडलं की क्रिएटिनिन चढतं. शेणखत, भुसा, मळणीची धूळ यांपासून लांब. त्यात बुरशी असते. विहिरीत पोहणं नको. ताप, लघवी कमी, नव्या किडनीवर दुखणं, किंवा दोन दिवसांत दीड किलो वाढ: चालायला न जाता दवाखान्यात फोन.

पोट असंच सुटत राहिलं तर पुढं साखर, हृदयविकार, आणि नव्या किडनीचं आयुष्यही घटतं.

(ओसरी. घड्याळाचा काटा.)

एक. दोन. तीन. चार. पाच. साडेतेरा सेकंद. मागच्या पानावर सोळा होते.